सुर्ल्याची नसलेली सुर्लेकारीण

सुर्लेकारीण काकी कुणालाही नाव विचारत नसे. दारात विजेचा मीटर बघणारा येवो, मासळीवाली येवो, पणजीहून आलेला सरकारी साहेब असो किंवा पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला गोरा पाहुणा, तिचा पहिला प्रश्न एकच: "तुजो गाव खंयचो?" गाव कळला की तिला माणूस कळला. मग तिथे नदी आहे का, देऊळ कुणाचे, माडांना पाणी कसे देतात, अशी उलटतपासणी चाले आणि नाव विचारायचे शेवटपर्यंत राहून जाई. मी एकदा म्हटले, "काकी, माणसाचा नाव तरी इचार गो." तेव्हा ती म्हणाली, "नाव कित्या व्हया रे, विनू? नाव आवय-बापूस हौसेन ठेवतत. गाव काय कोण हौसेन ठेवणा नाय. गाव खरो."

आता हे ती म्हणत होती, कारण तिला स्वतःलाच कुणी नावाने हाक मारत नव्हते. आमच्या चोपडे गावात लग्न होऊन आलेली बाई माहेरच्या गावावरून ओळखली जाते. आमच्याच वाड्यावर एक मांद्रेकारीण, एक पार्सेकारीण आणि दोन डिचोलकारणी आहेत. त्यांतली एक थोरली आणि एक धाकटी. नवरीचे माहेरचे नाव माहेरीच राहते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहितात, ते रेशनकार्डापुरते उपयोगी पडते. काकीचे तांदळातले नाव सुहासिनी होते, हे मला तिच्या घरची कागदपत्रे भरून देताना कळले आणि हसूच आले. आमच्या त्या दणदणीत आवाजाच्या बाईला ते नाव दुसऱ्याचा झगा अंगात घालावा तसे दिसत होते. तिचे यजमान बाबलकाका तर तिला कसलीच हाक मारत नसत. नदीत जाळे टाकून आयुष्य गेलेला तो अबोल माणूस. काही हवे असले की उंबऱ्यात उभे राहून खाकरायचे, आणि फारच तातडी असली तर "आयकलं गो?" एवढेच. जुन्या पद्धतीप्रमाणे बायकोचे नाव तोंडातून काढायचे नाही, ते त्यांनी कसोशीने पाळले होते.

खरी गंमत पुढेच आहे. ही सुर्लेकारीण सुर्ल्याची नव्हतीच. तिचे वडील वेंगुर्ल्याच्या बाजूचे. सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचे ट्रक चालवायला आले आणि तिथल्या तांबड्या धुळीत बिऱ्हाड थाटून राहिले. सुर्ल्यात त्यांना जन्मभर "वेंगुर्लेकार" म्हणत. उन्हाळ्यात मुलींना घेऊन ते मूळ गावी गेले, तर तिथली माणसे ओरडली, "गोंयकारणी इल्यो!" पुढे लग्न सुर्ल्याहून लागले म्हणून चोपड्यात ती सुर्लेकारीण झाली, आणि सुर्ल्यात बहिणीकडे गेली की तिथल्या बायका तिला चोपडेकारीण म्हणायच्या. हे सगळे ती स्वतःच हसत सांगायची. "म्हणजे मी ज्या गावात आसतंय, त्या गावची कधीच नसतंय," म्हणायची, आणि तांदळातले खडे निवडू लागायची.

काकी टर्की पाळायची. ही विद्या तिला नदीपलीकडच्या शिवोलीच्या कार्मेलीनबायने दिली. दोघींची ओळख फेरीबोटीतली. पूल झाला, फेरी बंद पडली, मैत्री काही बंद पडली नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या मेजावर टर्की असते आणि तिला पोर्तुगीजांच्या काळापासून पेरू म्हणतात. कार्मेलीनबायने पहिली अंडी दिली, काकीने ती आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली, आणि महिनाभराने त्या गरीब कोंबडीला आपल्यापेक्षा दुप्पट होणारी पोरे झाली. तेव्हापासून रिवाज असा, की दर नाताळला सगळ्यांत मोठा पक्षी कार्मेलीनबायचा आणि उरलेले बाजाराचे. त्यातला एकेक नर पिसारा फुलवून अशी काही बोंब मारी की शेजारच्या घरातली माझी त्या बाजूची खिडकी मी कायम लावून घेतलेली असे. मी तक्रार केली की काकी म्हणायची, "नाताळ जावंदे रे. मागीर सगळा शांत."

पक्षी पाळण्याचा तिचा एक नियम होता. जे खायचे किंवा विकायचे, त्याला नाव ठेवायचे नाही. "नाव ठेवला काय सुरी बोथट जाता," ती म्हणायची. गाईला नाव, कुत्र्याला नाव, मांजराला तर दोन नावे. पण खुराड्यातल्यांना फक्त "बा बा बा" अशी सरसकट हाक. हा नियम तिने इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता.

घरामागच्या दोन खोल्या ती परदेशी पाहुण्यांना द्यायची. मोरजीच्या किनाऱ्यावरच्या गाण्याबजावण्याला कंटाळलेली शहाणी माणसे तिच्याकडे येत. नावे विचारायची सोय नसल्यामुळे काकी त्यांचेही गावावरून बारसे करी. फ्रान्सची एक बाई लियोंकारीण झाली, हॉलंडचा एक उंच म्हातारा रॉटरडॅमकार झाला. हे सगळे पाहुणे सकाळी चहाचा पेला घेऊन खुराड्यापाशी उभे राहत आणि हमखास विचारत की पक्ष्याचे नाव काय. "नो नेम," काकी ठणकावून सांगायची. मग उलट विचारायची, "युवर व्हिलेज, हाऊ कॉलिंग?"

यातून तिला त्या एका शब्दाचा नादच लागला. इंग्रज म्हणाला, टर्की, कारण तो तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यांकडून आला असे आमच्या लोकांना वाटले. लियोंकारीण म्हणाली, आम्ही दँद म्हणतो, म्हणजे इंदहून आलेली, तुमच्या इंडियाची. रशियन जोडपे म्हणाले, इंदेय्का. तेही इंडियाच. रॉटरडॅमकाराने सांगितले की आमच्याकडे काल्कून, म्हणजे कालिकतची कोंबडी. कालिकत म्हणजे आपल्या खाली केरळात, हे मी सांगितल्यावर काकी खांब धरून हसली. पोर्तुगिजांचा पेरू हा तर सरळ पेरू देशाचाच पत्ता. आणि त्या मोसमात मोरजीच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला असलेला तुर्की पोरगा तिच्याकडे राहायला आला, तेव्हा काकी त्याची वाट बघत असल्यासारखी दारातच उभी होती. तुर्कस्तानात या पक्ष्याला काय म्हणतात? तो म्हणाला, हिंदी.

"आयकलंस?" ती कुंपणावरून मला ओरडून म्हणाली. "इंग्रज म्हणता तुर्काची, आणि तुर्क म्हणता आमची!"

मी मोबाईलवर शोधून बघितले. पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा निघाला. अमेरिका खंडच तेव्हा युरोपातल्या लोकांनी इंडिया समजून घेतला होता, त्यामुळे घोळात घोळ. शिवाय त्या काळी लांबून आलेली वस्तू कुठून आली हे कुणाला धड ठाऊक नसायचे. ज्याच्या हातून मिळाली त्याच्या गावाचे नाव तिला चिकटायचे. मी हे जरा मास्तरकीच्या सुरात सांगितले. काकीने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आमच्यासारख्याच. कोणी आधीच्या स्टॉपाचा नाव दिला, कोणी दुसऱ्याच गाडीचा. ज्या गावची ती, ता नाव कोणाच्याच तोंडात नाय." थोड्या वेळाने परत कुंपणापाशी आली. "आणि मेक्सिकोत काय म्हणतत?" मला सांगता आले नाही. तिथे म्हणे एकाहून अधिक शब्द आहेत. "आसतले," ती म्हणाली. "माहेरात लाडाची नावा खूप आसतत." पळसाला पाने तीनच, मग तो पळस युरोपातला का असेना, एवढे मला त्या दिवशी पटले.

त्या वर्षी मुंगसाने घात केला. पावसाळ्यात खुराड्याची एक फळी कुजली होती, त्यातून शिरून त्याने लहानमोठ्या सगळ्यांचा फडशा पाडला. एक मादी तेवढी वाचली, कारण ती आदल्या संध्याकाळी खुराड्यात न जाता फणसावर चढून बसली होती. एकट्या पक्ष्याला करमेना, म्हणून ती दिवसभर काकीच्या मागे. काकी विहिरीवर गेली की ही विहिरीवर, काकी नारळ किसायला बसली की ही समोर मान वाकडी करून उभी. नराची बोंब नाही, नुसते आपले चिवचिव आणि टुकटुक. मला खिडकी लावायचेही कारण उरले नाही.

आणि नेमका त्याच वर्षी कार्मेलीनबायचा मुलगा लिस्बनहून येणार होता, पोर्तुगीज बायकोला घेऊन. सून पहिल्यांदाच शिवोलीचे घर बघणार होती. कार्मेलीनबायने गणेशचतुर्थीला करंज्या खायला आली तेव्हाच सांगून ठेवले होते, "आगो, हे खेपे म्हाका पेरू जायच. म्हजे आवयन मांडिल्लें तशें मेज मांडटलें." काकीने तिच्या हातावर हात ठेवून पक्ष्याचा शब्द दिला होता. पक्षी एकच, आणि तो शब्दात अडकलेला.

डिसेंबर लागला तशी काकी चिडचिडी झाली. एरवी नाताळ जवळ आला की ती पक्षी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची आणि कुंपणावरून मला ओरडून सांगायची. यंदा त्याचा उल्लेखच नाही. बाबलकाकांनी सुरीला धार लावून आणली, तर तिने ती फणस कापायला लागेल म्हणून माळ्यावर टाकून दिली. डिसेंबरात फणस कसला? मी विचारले, "काकी, पाखरू दितलंस मा?" ती म्हणाली, "शब्द दिल्लो आसा." आणि कांदा चिरता चिरता डोळे पुसले. कांद्याचे निमित्त बरे सापडते बायकांना.

नाताळच्या दोन दिवस आधी कार्मेलीनबाय वेताची मोठी पाटी घेऊन आली. मी मुद्दाम त्याच वेळी कुंपणापाशी पपई काढायला गेलो होतो. काकीने तिला सोप्यावर बसवले, चहा दिला, सुनेचा गाव कुठला ते विचारले, तिथे नदी आहे का तेही विचारले. चहा संपला. मादी काकीच्या पायाशी येऊन बसली होती.

"तर मगो, बांद तिका," कार्मेलीनबाय म्हणाली.

काकी उठली. पक्ष्याला तिने काखेत घेतले, पाटीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "कार्मेलीन, माका जमाचा नाय. हिचा नाव ठेवलेला आसा."

आता दोन मैत्रिणींचे फाटणार, असे मला वाटले, कारण नाताळचे मेज म्हणजे काही गंमत नव्हे, आणि शब्द तर त्याहून नव्हे. कार्मेलीनबाय उठून पक्ष्यापाशी आली.

"नांव दवरलें?" ती म्हणाली. "तुवें?"

"व्हय."

"आनी आतां कोण कापतलो तिका?" कार्मेलीनबायने पाटी उपडी केली आणि तिच्यावरच बसली. "म्हज्या आवयचो एक दुकर आशिल्लो. भावान ताका नांव दवरलें. म्हातारो जावन मेलो तो, आमी खावंक ना." मग दोघी एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता काकी रडली तेही कुणी मनावर घेतले नाही. नाव काय ठेवलेस, हे कार्मेलीनबायने परोपरीने विचारले. काकीने सांगितले नाही.

नाताळच्या दिवशी काकी दोन गावठी कोंबडे घेऊन पहाटेच शिवोलीला गेली आणि दिवसभर कार्मेलीनबायच्या चुलीपाशी घाम गाळून आली. परत आल्यावर मी विचारले, सून काय म्हणाली? "ती म्हणता, पेरू माका आवडनाच नाय, सुको लागता," काकी म्हणाली आणि मोकळी होऊन पायावर पाणी घेऊ लागली.

पण पक्ष्याचे नाव काय, हा वाड्याला एक छंदच झाला. थोरली डिचोलकारीण म्हणे, देवीचे असेल. पाहुणे आपापल्या भाषेतले शब्द वापरून बघत. दँद म्हटले तरी ती वळेना, इंदेय्का म्हटले तरी वळेना, आणि हिंदी म्हटल्यावर तर तिने चक्क पाठ फिरवली. काकी नुसती गालात हसायची. हाक ती पहाटे, मागच्या दारी, कुणी नसताना मारत असणार.

उलगडा माघात झाला. आमच्या देवाच्या जत्रेला काकीची थोरली बहीण सुर्ल्याहून आली. बस रस्त्यावर थांबली, म्हातारी हातात बोचके घेऊन फाटकाशी आली आणि कडी निघेना म्हणून तिथूनच मोठ्याने ओरडली, "कुंदा! गो कुंदा!"

फणसाखालून मादी उठली आणि पंख पसरून, मान पुढे काढून, धूळ उडवत फाटकाकडे सुसाट धावत सुटली. त्याच वेळी स्वयंपाकघरातून हातात कालवण ढवळायची कुलेर तशीच घेऊन काकी धावत बाहेर आली. दोघी फाटकाशी एकदमच पोचल्या. बहीण एकदा हिच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. सोप्यावर मी होतो, बाबलकाका होते, धाकटी डिचोलकारीण होती. काकी लाजली. त्या वयात, त्या आवाजाची बाई, नव्या नवरीसारखी लाजली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "काय करू? चोपड्यात ह्या नाव तसाच पडान होता. कोणाच्यातरी उपेगाक येवंदे म्हटला."

आम्ही हसलो, खूप हसलो. बाबलकाका मात्र हसले नाहीत. ते पक्ष्याकडे बघत होते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मादी फणसावर जाऊन बसली आणि खाली येईना. काकी आत भाकऱ्या थापत होती. काका झाडाखाली गेले, इकडेतिकडे पाहिले, दोनदा खाकरले. मी माझ्या खिडकीतून बघत होतो हे त्यांना माहीत नव्हते. मग त्या माणसाने मान वर केली आणि भर अंगणात हाक मारली, "कुंदा, खाली ये गो."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. काकी पिठाच्या हातांनी मागच्या दारात आली. "इतक्या मोठ्यान कित्या बोवाळतास? शेजारी आयकतत," म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून पक्ष्याला संध्याकाळी खुराड्यात घालायचे काम तिने काकांकडे सोपवले. म्हणाली, माझे गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी ती रोज विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. मला ते काम बघून फार बरे वाटायचे, आणि मी पाहुण्यांना सांगायचो की ही आमच्याकडची नवरा-बायकोची सगळ्यांत उशिरा झालेली ओळख.

काकी गेल्या पावसाळ्यात गेली. तापाचे निमित्त झाले आणि आठवडाभरात खेळ आटोपला. वर्तमानपत्रात निधनवार्ता सुहासिनी या नावाने आली, तेव्हा वाड्यावरच्या निम्म्या लोकांना कोण गेले ते कळलेच नाही. मग कुणीतरी म्हणाले, अरे, ती सुर्लेकारीण, आणि सगळे धावले. शिवोलीहून कार्मेलीनबाय आली. काकीपाशी बसून ती एवढेच म्हणाली, "म्हजी कुंदा गो." रॉटरडॅमकाराला मी फोनवर कळवले. त्याने तिचे नाव विचारले. इतकी वर्षे येऊन त्याला ते माहीत नव्हते. मी सांगितले, कुंदा. तो म्हणाला, पण ते तर पक्ष्याचे नाव ना? मी म्हटले, नाही, पक्ष्याला ते तिच्याकडून मिळाले.

मादी आता म्हातारी झाली आहे. फणसावर चढण्याइतकी ताकद तिच्या पंखांत नाही. दिवस कलला की ती आपण होऊनच खुराड्यात जाऊन बसते, कुणी बोलवायची गरज उरलेली नाही. तरी बाबलकाका रोज अंगणात येतात. खुराड्याचे दार लावतात, कडी घालतात, ती नीट बसली का ते हलवून बघतात. मग फणसाखाली उभे राहून हाक मारतात, "कुंदा, ये गो. काळोख पडता." वाड्यावरची पोरे ती हाक ऐकून घरी परततात. ती खिडकी मी आता कधी लावत नाही.